दुसरा बाक

ईरीत पहाटे साडेपाचला
सरोवरावरचा वारा पार्किंगमधला बर्फ नुसता सोलून काढतो.
मी दार उघडतो, यंत्रं धुऊन घेतो.
सहा खुर्च्या, सहा टीव्ही, सगळ्यांवर एकच चॅनेल,
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
नऊ वाजता त्या कोर्टाच्या मालिकेचे जुने भाग लागतात:
आधी प्रेत, मग जाहिरात, मग पोलीस,
मग वकीलबाई हॉलंडर, जिची टाच वाजली
की साक्षीदाराच्या तोंडचं पाणी पळतं.

ओडेसा प्रुइट म्हणते, आधीची हॉलंडर बरी होती.
ही आपली उठसूट केस मागे टाकते.
ओडेसाचं रक्त नळीतून बाहेर जातं,
धुऊन परत येतं,
मत मात्र जसंच्या तसं.

स्टॅन विल्कोश एकदा ज्युरीवर बसला होता.
असलं काही नसतं हो, म्हणतो,
नऊ दिवस आम्ही एका कुंपणाच्या भांडणावर सँडविच खाल्ली.
कुणी ओरडलं नाही.
न्यायाधीशाला डुलकी लागली होती.

मिस टाटर कोर्टात अठ्ठावीस वर्षं टंकलेखिका.
बोटं अजून पांघरुणावर चालतात,
हॉलंडरचं वाक्य संपायच्या आत ही लिहून मोकळी.
म्हणते, या लोकांना रडणं दाखवता येतं,
आम्हाला ते लिहायची मुभा नव्हती.
एक बाई पाऊण तास रडली.
कागदावर एवढंच: साक्षीदार थांबली.

आणि खुर्ची नंबर दोन, लेम्युएल बॅटल.
सगळ्यांआधी सुई, म्हणून सगळ्यांआधी सुटका.
निकालाला सात मिनिटं उरलेली असतात
आणि माझं यंत्र त्याच्या नावानं बोंब मारतं.
तो दंडावर बोट दाबून धरतो, टोपी घालतो, निघतो.
चार वर्षांत एकही निकाल त्यानं पाहिला नाही.
ओडेसा पुढच्या खेपेला सांगायची, सुटला रे, किंवा, अडकला.
एकदा मुद्दाम उलटं सांगितलं.
चालेल, म्हणाला.

या शनिवारी बर्फामुळे बस उशिरा,
म्हणून कोट चढवून खुर्चीतच बसून राहिला.
ज्युरी परत आली.
घडी घातलेला कागद या हातातून त्या हातात.
सगळे गप्प, मीसुद्धा, मुठीत कापसाचा बोळा.
तेवढ्यात लेम्युएल म्हणाला, ती बघा.

कोण?

दुसऱ्या बाकावरची. निळा कोट.
मंगळवारी बुडालेल्या पोराच्या खटल्यात होती,
त्याआधी दुकान जाळलं त्यात.
दर वेळी तिथेच असते, जरा धूसर.

स्टॅन हसला. अहो, रोजंदारीवर बसवलेली गर्दी ती.
असेल, लेम्युएल म्हणाला. पण बसते बरोबर.
पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर,
डोळे पुढच्या माणसाच्या मानेवर.
माझ्या पोराचं अकरा मिनिटांत उरकलं.
ज्युरी नाही, भाषण नाही,
कबुली, सही, पुढची केस.
मी असाच बसलो होतो.
पर्स नव्हती, तर टोपी धरली होती.

मिस टाटरची बोटं पांघरुणावर थांबली.

टीव्ही दोषी म्हणाला की निर्दोष,
कुणालाच धड ऐकू आलं नाही.
बाहेर बसचा हॉर्न वाजला. तो गेला.
त्याच्या खुर्चीचा रेक्झिन मी पुसला,
पुसलेला होता तरी.

मंगळवारी नवा भाग, म्हणजे जुनाच.
पाटबंधाऱ्याचा कुणी इंजिनिअर, त्याची बायको, विष.
कोण खरं बोलतंय यावर स्टॅननं पैज लावली नाही.
मिस टाटरनं चष्मा पुसून घेतला.
हॉलंडर उठली, टाच वाजली,
कॅमेऱ्याच्या ऐन मध्ये येऊन उभी राहिली,
आणि ओडेसा, एक हात यंत्राला बांधलेला,
दुसऱ्या हातानं तिला हाकलत म्हणाली,
सरक गं जरा बाजूला,
मागचं दिसत नाही.